काय पुसलंस?

"या बाईनं उभ्या जन्मात केसांत एवढे गुलाब माळले नसतील, जेवढे मला सकाळी सकाळी पाठवलेत," सारिका पुटपुटली. आईचा फोन तिच्या मांडीवर होता आणि अंगठा सारखा खालून वर जात होता. "आता बसा एकेक काढत. फुलं काढा, सुविचार काढा, गणपती काढा. गेल्यावरसुद्धा कामाला लावलंय आक्कानं."

शेजारी बसून हर्षदा तांदूळ निवडत होती. तांदळात खडा सापडायचे दिवस केव्हाच गेले होते, पण सुतकाच्या घरात हाताला काहीतरी लागतं. नणंदेचं पुटपुटणं ऐकून तिला हसू आलं आणि तिनं ते गिळलं. बाहेरच्या खोलीत भेटायला आलेल्या बायका बसल्या होत्या आणि सुनेनं हसायला अजून वेळ होता.

फुलं काढायची होती ती घाटावरच्या कावळ्यासाठी.

कावळे गेले त्याला आता बरीच वर्षं झाली होती. आधी उन्हाळे वाढले, मग पाखरांमध्ये कसलासा ताप आला, आणि एका पितृपंधरवड्यात मिरजेतल्या लोकांच्या लक्षात आलं की गच्चीवर ठेवलेली पानं संध्याकाळपर्यंत तशीच वाळताहेत. चिमण्या कमी झाल्या तेव्हा लोक हळवे झाले होते. कावळे गेले तेव्हा मात्र पंचाईत झाली. दहाव्याच्या पिंडाला शिवणार कोण? माणसाची काही इच्छा राहिली असेल तर कावळा भाताला तोंड लावत नाही, मग मुलंबाळं हात जोडून कबुल्या देतात, 'तुमच्या मनासारखं करू,' आणि नेमकी कबुली निघाली की कावळा येतो, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. गेलेल्या माणसाला शेवटचं काय हवं होतं हे विचारायची ती एकच खिडकी होती, आणि ती बंद झाली.

म्हणून घाटावर यंत्र आलं. कागदावर त्याचं नाव 'तृप्ती', लोकांच्या तोंडी कावळाच.

यंत्रामागची विद्या तशी नवी नव्हती. फोनवर आपण दोन शब्द लिहितो आणि तिसरा फोनच सुचवतो, त्याच विद्येचं हे थोरलं भावंड. आधी या यंत्राला ढीगभर मराठी वाचायला घालून भाषा शिकवलेली असते. म्हणजे कणीक मळून तयार. मग एका माणसानं आयुष्यात लिहिलेले मेसेज त्यावर दाबायचे, साच्यासारखे. लेक विश्वा 'येतो' म्हणाला की ही बाई काय लिहायची, भाजी जळली की काय लिहायची, कोण कधी गप्प बसलं तर काय लिहायची, याचा कल यंत्राच्या अंगात उतरतो. त्याला सत्य कळत नाही, आत्मा तर नाहीच नाही. त्याला फक्त कल कळतो. घाटावर कुणी कबुली दिली की यंत्र मनातल्या मनात त्या माणसाची शेकडो उत्तरं रचून बघतं. त्यांतल्या बऱ्याच उत्तरांत अजून काही मागणं, विचारणं, टोचणं शिल्लक असेल, तर कावळा हलत नाही. मागणं संपत आलं की यांत्रिक मान खाली वाकते आणि चोच भाताला लागते.

म्हणूनच फुलं काढायची. दुसऱ्याचं पुढं ढकललेलं यंत्राला चालत नाही. माणसानं स्वतः लिहिलेलं आणि त्याला लोकांनी लिहिलेलं, तेवढंच हवं.

आक्कांचं लिहिलेलं मात्र उदंड होतं. इंदुमती नलवडे, सगळ्या गल्लीच्या आक्का. अंगणवाडीत पोरं सांभाळता सांभाळता कमावलेला आवाज असा, की त्यांनी घरात 'हर्षदा' म्हटलं की तिसऱ्या गल्लीतली हर्षदासुद्धा दचकावी. मग घशात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, जीव राहिला आणि आवाज गेला. गुडघे त्याआधीच गेले होते. आक्का आतल्या खोलीत पलंगावर आणि त्यांचा आवाज फोनमध्ये. स्वयंपाकघरात कट्ट्यावर ठेवलेला हर्षदाचा फोन दिवसभर वाजायचा. टुंग.

'पंखा एकवर कर.' टुंग. 'दोनवर कर.' टुंग. 'एकच बरा होता.'

'आमटीत मीठ घातलंयस का मिठात आमटी?'

'कोण आलं होतं? एवढा वेळ काय बोलत होतीस? माझ्याबद्दल काय म्हणाली?'

"हे बघ, हे बघ," सारिका आता खुदकन हसली. "'काय पुसलंस?' किती वेळा हेच! मी एकदा चुकून अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि पुसलं, तर आक्का दोन दिवस माझ्या मागं. काय पुसलंस, परत पाठव. अगं, अंगठा होता म्हटलं. म्हणाली, मग तोच परत पाठव."

हे खरंच होतं. कुणीही काही पाठवून पुसलं की 'हा मेसेज पुसला आहे' एवढी राखाडी ओळ उरते. ती ओळ आक्कांना सहन व्हायची नाही. आयुष्यभर आपल्या पाठीमागं कोण काय कुजबुजतंय ते कान देऊन ऐकलेली बाई. आता तर कुजबूज लोक लिहून पुसून टाकत होते.

सारिकाचा अंगठा वर जात राहिला. मग एका ठिकाणी थबकला.

हर्षदानं मान वर न करता पाहिलं. 'नलवडे परिवार' या गटातली ती राखाडी ओळ. त्यावर हर्षदाचं नाव.

सारिकानं ती ओळ पाहिली. हर्षदानं सारिकाला पाहताना पाहिलं. मग अंगठा पुढं सरकला आणि सारिका म्हणाली, "वहिनी, चहा टाकता का थोडा? बायका बसल्यात बाहेर."

हर्षदा उठली. आज आठवडा झाला, हे असंच चाललं होतं. आणि त्याआधीचे चार महिनेही असंच.

*

चार महिन्यांपूर्वीच्या त्या दुपारी हर्षदाच्या अंगात ताप होता. आक्कांची चादर सकाळपासून तिसऱ्यांदा बदलून तिनं नुकतं अंगावर पाणी घेतलं होतं. बाथरूमच्या दाराबाहेर फोन वाजला. टुंग. तिनं साबणाच्या हातानं दार किलकिलं केलं. 'चादर ओली ठेवलीस. मुद्दाम ना?'

चादर ओली नव्हती. थंड होती.

नलवड्यांचे गट दोन होते. 'नलवडे परिवार', त्यात आक्का. आणि 'आम्ही तिघं', त्यात हर्षदा, नवरा विश्वजित आणि पुण्याची सारिका. परिवारात सारिका सकाळ-संध्याकाळ 'आक्का काळजी घे' लिहायची. तिघांच्या गटात खरं बोलणं व्हायचं. कुठल्या घरात असे दोन गट नाहीत?

हर्षदानं ओल्या बोटांनी लिहिलं: 'ही म्हातारी मरत का नाही एकदाची. तिच्याआधी मीच मरेन.' आणि पाठवलं.

परिवारात.

कुकरची शिट्टी जेवढा वेळ वाजते तेवढाच वेळ गेला असेल. तिच्या लक्षात आलं, तिनं तो मेसेज सगळ्यांकडून पुसला. कुणी पाहिला, कुणी नाही, हे कळायची सोयही मेसेजबरोबरच गेली. मग बराच वेळ ती बाथरूममध्ये तशीच उभी राहिली. आणि मग, माणूस कसं असतं बघा, तिनं तोच मेसेज पुन्हा लिहून तिघांच्या गटात टाकला. जणू बरोबर जागी पडला की तो मेसेज मुळातच चुकीच्या जागी पडला नव्हता. सारिकानं लिहिलं, 'अगदी माझ्या मनातलं बोललात वहिनी.' विश्वजितनं अंगठा दाखवला.

हर्षदा पाय न वाजवता आतल्या खोलीत डोकावली. आक्का भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. चष्मा उशीशेजारी. झोपल्या होत्या. दुपारची त्यांची झोपायचीच वेळ. हर्षदानं त्या चष्म्यावर सगळा भरवसा टाकला. चष्म्याशिवाय आक्कांना घड्याळही दिसत नसे.

वाचलं की नाही वाचलं? ती रोज त्यांच्या तोंडाकडं बघून अंदाज घ्यायची. पण आक्कांनी एका शब्दानं काही विचारलं नाही. उलट हळूहळू त्या निवळल्या. टुंग कमी झालं. आलं तरी, 'जेवण छान झालंय.' 'मला काही नको, तू पड जरा.' 'पाणी आहे, उठू नकोस.' शेजारच्या बायका म्हणायच्या, म्हातारपणात माणूस शांत होतं. हर्षदाही म्हणायची, हो ना, आजारपणानं फार बदलल्या. आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकली की तिला त्या खवट, टोचऱ्या आक्कांची अशी काही आठवण यायची की तिचं तिलाच नवल वाटे.

मग तो दिवस. दुपारी ताट घेऊन ती आत गेली, तेव्हा सगळं झालं होतं. आक्कांच्या मुठीत फोन होता. चार्ज होता, चालू होता. सकाळपासून त्यावरून एकही मेसेज आला नव्हता. डॉक्टर येऊन बघून म्हणाले, "हार्टचं आहे. सकाळपासून दुखत असणार की हो. तुम्हाला कुणाला बोलावलं नाही त्यांनी?"

विश्वजित घाईनं म्हणाला, "झोपेतच गेली आक्का."

डॉक्टरांनी त्या मुठीकडं पाहिलं आणि आपली बॅग आवरली.

तेव्हापासून भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तिघंही तेच सांगत होते. झोपेतच गेली. सुखानं गेली. पुण्यवान.

*

उपाध्ये गुरुजी आले ते एका खांद्यावर उपरणं आणि दुसऱ्यावर लॅपटॉपची बॅग घेऊन. आधी त्यांनी दहाव्याचं सामान सांगितलं, मग यंत्राचं. दोन्ही एकाच चालीत.

"दर्भ, तीळ, तांदूळ, केळीची पानं. फोनचा पासवर्ड. फोनमधलं सगळं द्यायलाच पाहिजे असं नाही. घरातलं खाजगी काही असतं, नवरा-बायकोचं असतं, ते आधी पुसून घ्या. पण एक सांगतो, पुसलं की भोक पडतं, आणि यंत्र भोक शिवत नाही."

"म्हणजे?" विश्वजितनं विचारलं.

"पूर्वी शिवायचं. आजूबाजूचा अंदाज घेऊन मधलं स्वतःच रचायचं. मग काय, सांगलीकडच्या एका आजोबांनी घाटावर भलत्याच बाईची चौकशी सुरू केली. घरात कुणाला ती बाई माहीत नाही! आजी तिथंच बसलेल्या. पिंड राहिला बाजूला." गुरुजींनी पाण्याचा घोट घेतला. "तेव्हापासून यंत्राला शिकवलं, रचायचं नाही. जिथं पुसलंय तिथं 'इथं काहीतरी पुसलंय' एवढी खूण ठेवायची आणि पुढं जायचं."

"पण काय पुसलंय ते नाही ना कळत त्याला?" सारिका म्हणाली.

"छे छे. ते देवाला तरी कळतंय का कुणास ठाऊक."

तिघांनी एकदमच श्वास सोडला. गुरुजींना ते वारं लागलं असावं, कारण त्यांनी एकदा तिघांकडंही पाहिलं. मग दक्षिणेचं बोलून ते गेले.

त्या दिवशी आक्कांचा फोन घरभर फिरला. जितेपणी तो पलंग सोडून कुठं गेला नव्हता. आधी विश्वजित तो 'चार्ज करतो' म्हणून गच्चीवर घेऊन गेला आणि लाल डोळ्यांनी खाली आला. त्यानं काय पुसलं, हर्षदाला न बघताही माहीत होतं. 'आक्का, कामात आहे.' 'आक्का, नंतर बोलू.' 'आक्का, हर्षदाला सांग की.' मग सारिका 'फोटो घेते जरा' म्हणून फोन घेऊन मागच्या अंगणात बसली. ती येते येते म्हणून न आलेल्या दिवाळ्या तिथं पुसल्या गेल्या.

शेवटी फोन हर्षदाकडं आला. दोघंही बाजारात गेली होती. ती आक्कांच्या पलंगावर बसली. गादी अजून एका बाजूला खचलेली होती.

राखाडी ओळ तिनं आधी पुसली. फोननं विचारलं, नक्की? तिनं नक्की म्हटलं. पण मग तिला दिसलं की नुसती ओळ पुसून भागत नाही. त्या ओळीच्या वरची बाई आणि खालची बाई वेगळी होती. वर 'मुद्दाम ना?' आणि खाली 'मला काही नको.' कल शिकणाऱ्या यंत्राला हे वळण दिसणारच. कशावरून वळली ही बाई, असा प्रश्न घाटावर चारचौघांत पडणार.

मग तिनं वळणच पुसलं. त्या दिवसानंतरच्या गोड आक्का, सगळ्या. 'जेवण छान झालंय,' गेलं. 'तू दमलीस, पड,' गेलं. 'आज तुझ्या हातची खीर खावीशी वाटली होती, पण राहू दे,' गेलं. यातलं एकेक वाक्य ऐकायला तिनं सतरा वर्षं वाट पाहिली होती. आता ती एकेक दाबून धरत होती आणि केराच्या टोपलीच्या चित्रावर टाकत होती. फोननं विचारलं, नक्की?

उरल्या त्या जुन्या आक्का. खवट, संशयी, ठणठणीत.

*

दहाव्याला घाटावर ऊन चढलं होतं. पत्र्याच्या शेडखाली गुरुजींनी बाजाराच्या पिशवीतून कावळा काढला. काळ्या प्लॅस्टिकची पिसं, स्टीलची मान, एक डोळा जरा सैल. शेजारी लहानसा पडदा. पलीकडं दुसरं एक कुटुंब आपल्या पिंडाचं पान घेऊन ओळीत बसलं होतं.

विश्वजितनं गुळगुळीत डोकं वाकवून पिंड मांडला. गुरुजींनी बटण दाबलं. आक्कांना आवाज नव्हता, म्हणून यंत्रालाही दिला नव्हता. पडद्यावर अक्षरं उमटणार होती आणि गुरुजी ती वाचून दाखवणार होते.

टुंग.

हर्षदा अर्धवट उठली होती. हात पदराला पुसले गेले होते. आपण काय केलं हे कळल्यावर ती खाली बसली. कुणी हसलं नाही.

"'भात मोकळा झालाय,'" गुरुजींनी मंत्राच्या सुरात वाचलं. "'पिंड फुटेल. कुणी केला?'"

मग मात्र सगळेच हसले, रडता रडता. सारिकानं हुंदका दिला, "आक्काच गं, अगदी आक्काच!" हर्षदानं राखलेली आक्का जशीच्या तशी बोलत होती.

विश्वजित पुढं झाला. "आक्का, तुझ्या अंगणवाडीला तुझ्या नावानं पंखे बसवतो."

टुंग. "'एकवर ठेवा.'"

कावळ्याची मान जराशी वाकली आणि पुन्हा वर गेली.

"आक्का," सारिका म्हणाली, "मी आता दर महिन्याला येईन. वहिनींना एकटं पडू देणार नाही."

टुंग. "'ये, तेव्हा खरं.'"

पलीकडच्या कुटुंबातली एक म्हातारी मोठ्यानं हसली. मान हलली नाही. गुरुजींनी सांगितलं, अजून कुणाच्या मनात काही असेल तर बोला, आजींना काय आवडायचं, काय राहिलं. बेसनाचे लाडू झाले. नरसोबाच्या वाडीला जाऊन येण्याचं झालं. विश्वजितनं तर अंगणवाडीच्या पोरांना दरसाल खाऊ कबूल केला.

टुंग. गुरुजींनी वाचलं, "'विश्वा, काय पुसलंस?'"

विश्वजितचा चेहरा उतरला.

टुंग. "'सारिका, तू काय पुसलंस?'"

"अगं, काही नाही आक्का," सारिका घाईनं पडद्याला म्हणाली. माणसाला म्हणावं तशी. "चुकून गेलं होतं."

टुंग. "'चुकून काय गेलं होतं?'"

टुंग. "'हर्षदा, तू तर लई पुसलंयस. काय पुसलंस गं? परत पाठव.'"

गुरुजींनी हेसुद्धा त्याच सुरात वाचलं. यंत्र कुणावर आरोप करत नव्हतं. तसला आरोप करण्याइतकं त्याला काही कळत नव्हतं. जिथं जिथं खूण दिसली, तिथं आक्का जे विचारायच्या तेच ते विचारत होतं. कारण आक्का विचारायच्याच. अंगठा पुसला तरी विचारायच्या. विचारलं नाही असं कधी झालंच नव्हतं.

हर्षदा पडद्याकडं पाहत राहिली.

कधी झालंच नव्हतं. एकदा सोडून.

बाथरूममधून निथळत बाहेर आली तेव्हापासून ती ज्या चष्म्याला धरून बसली होती, तो चष्मा तिच्या हातातून सुटला. झोपलेल्या माणसाला उठल्यावर ती राखाडी ओळ दिसली असती. दिसली असती तर आक्कांनी विचारलं असतं. दोन दिवस मागं लागल्या असत्या. त्या बाईनं आयुष्यात एकदाच विचारलं नाही, कारण एकदाच तिला विचारायची गरज नव्हती. वाचून झाल्यावर तिनं चष्मा काढून ठेवला होता आणि भिंतीकडं तोंड केलं होतं.

आणि समोर पडद्यावर होती ती आक्का, जिला हे माहीत नव्हतं. हर्षदानंच तिला अडाणी करून ठेवलं होतं. जिला माहीत होतं, जी खीर राहू दे म्हणाली, ती तिनं परवा पलंगावर बसून एकेक करून पुसली होती.

टुंग. "'हर्षदा. काय पुसलंस?'"

"गुरुजी, आमचा नंबर कधी?" पलीकडून कुणीतरी विचारलं. "ऊन बघा की."

गुरुजींनी घाम पुसला. "असं करू. दर्भाचा कावळा करून शिवू या. शास्त्रात आहे ते. पूर्वीही करायचे. यंत्राचं काय, कधी कधी अडकून बसतं."

"करा, करा," सारिका लगेच म्हणाली. "अडकलंच आहे ते. दादा, सांग ना."

"हो गुरुजी," विश्वजित म्हणाला. "दर्भाचाच करा. आक्का शांतपणे गेली, झोपेतच गेली. काही राहिलं नव्हतं तिचं."

गुरुजींनी दर्भाच्या काड्या उचलल्या, वळल्या, गाठ मारली. पाखराचा आकार यायला असा कितीसा वेळ लागतो. तो हात पिंडाकडं निघाला. एकदा तो टेकला की झालं. घरी जायचं, आंघोळी करायच्या, तेराव्याला गोड करायचं. आणि जन्मभर तिघांनी एकमेकांना चहा टाकायला सांगायचं.

"थांबा," हर्षदा म्हणाली.

"वहिनी, नको!" सारिका ओरडली. विश्वजितनं बायकोचा हात धरला, घट्ट, मनगटाजवळ. "हर्षदा. नको. लोक आहेत."

काय नको, हे अजून कुणी विचारलंही नव्हतं. त्या एका 'नको'नं हर्षदाला कळलं की चार महिने ती एकटीच अंदाज घेत नव्हती. या दोघांनी तो मेसेज त्याच दुपारी, त्याच परिवारात वाचला होता, पुसायच्या आधी. आक्कांनी विचारलं नाही हे त्यांनाही दिसलं होतं.

तिनं हात सोडवून घेतला आणि पडद्यासमोर बसली, पलंगाशी बसायची तशी, जमिनीवर, एक गुडघा वर. यंत्रासमोर बसलोय हे तिला पक्कं माहीत होतं. पण दुसरं कुणी विचारणारं आता उरलं नव्हतं.

टुंग, वाजलं. गुरुजींनी या वेळी वाचून दाखवलं नाही. गरजही नव्हती.

"सांगते आक्का," हर्षदा म्हणाली. तिचा आवाज शेडभर गेला. "मी लिहिलं होतं, ही म्हातारी मरत का नाही एकदाची. चुकून तुमच्यापर्यंत आलं, पण लिहिलं होतं ते मनापासून. नंतर ह्यांनी त्यावर अंगठा दाखवला आणि सारिका म्हणाली, माझ्या मनातलं बोललात. तुम्ही ते वाचलं होतंत, आक्का. म्हणून पुढं काही मागितलं नाहीत. तुम्ही झोपेत गेला नाहीत. सकाळपासून दुखत होतं, फोन हातात होता, मी भिंतीपलीकडं भाकऱ्या थापत होते, आणि तुम्ही मला बोलावलं नाहीत."